सायरन न वाजवता

चोशी, १४ नोव्हेंबर

प्रिय हात्सुमीताई,

तुमच्या कागोशिमात अजून ऊब असेल. इथे समुद्रावरून वारा सुटलाय, सकाळी कोबीच्या शेतांकडे बघूनच थंडी वाजते. तू आणि भावोजी मजेत असाल. आई आणि मीही बऱ्या आहोत. हे वाक्य मी खोडून पुन्हा लिहिलंय, तेव्हा त्यावर फार विसंबू नकोस.

रुग्णवाहिकेवर काम करायच्या शिक्षणाचं शेवटचं वर्ष, आणि अजूनही तीच पहाटेची गाडी. चिबापर्यंत दोन तास. जाताना पाठांतर, येताना झोप. परवा झोपेत मी शेजारच्या आजोबांची नाडी धरून बसले होते म्हणे. उतरताना त्यांनी हळूच विचारलं, "ठीक आहे ना माझी?"

केइगोबद्दल विचारलं होतंस. रविवारी भेटायचो, पण सिनेमाला बसलं की मी घोरायला लागायचे. शेवटी तो म्हणाला, "तू घरी जाऊन नीट झोप बरं." मी खरंच घरी आले. नंतर त्याचा फोन आला नाही, मीही केला नाही. दिवसभर अनोळखी माणसांच्या छातीवर हात ठेवते ताई, पण दोन शब्द बोलावेत असं कुणी उरलेलं नाही.

गेल्या महिन्यात चिबात प्रत्यक्ष गाडीवर सराव होता. एका आजीबाईंना न्यायला गेलो. त्यांना धड श्वास घेता येईना, तरी म्हणतात, "जाताना तेवढा सायरन नका वाजवू. शेजारी काय म्हणतील?" आमचे प्रमुख फुरुहाता म्हणाले, "आजी, तो वाजवावाच लागतो, कायदाच आहे." तर स्ट्रेचरवर आडव्या पडून त्या बाई एकेका गॅलरीकडे बघत मान लववत माफी मागत होत्या. परतताना आम्ही सगळे हसलो. मीही हसले.

आता लिहितेच. आईने शपथ घातली आहे, "तिला कळवू नकोस, तिला तिचा संसार आहे." पण नाही जमत.

त्या आजीबाईंना नेलं त्याच दुपारी इकडे आईचा डावा हात अचानक लुळा पडला. तिने रुग्णवाहिकेसाठी ११९ला फोन लावला आणि पहिलंच विचारलं, "सायरन न वाजवता याल का?" तसं येता येत नाही म्हणाले. त्यावर आई म्हणाली, "मग राहू द्या, उगीच त्रास दिला," आणि फोन ठेवला. त्यांनी उलट फोन केला, तर म्हणे, "चुकून लागला हो." मग चांगला कोट अंगावर चढवला आणि बसने दवाखान्यात गेली. थांब्यावर ओकाझाकीकाकू भेटल्या, त्यांच्याशी हवापाण्याच्या गप्पाही मारल्या.

डॉक्टर म्हणाले, लगेच आणलं असतं तर हात वाचला असता. आई चालते, बोलते. पण जेवताना भाताची वाटी डाव्या हातात उचलून धरता येत नाही. ताटावर वाकून खाताना कुणी पाहू नये म्हणून माझ्यासमोर जेवतच नाही. "तू यायच्या आधीच जेवले," म्हणते.

मी चिडले. "आई, मी हेच शिकतेय ना गं?"

"म्हणून तर," ती म्हणाली. "मुलगी तिकडे लोकांना वाचवते आणि घरी आई अशी, असं शेजारी म्हणाले असते."

हे पुन्हा होऊ शकतं, असं डॉक्टरांनी बजावलंय. मी पहाटे निघते, अंधार पडल्यावर येते. मधला सगळा वेळ ती एकटी. शिक्षण सोडते म्हटलं, तर दिवसभर माझ्याशी बोलली नाही. सोडलं तर मार्चची परीक्षा गेली, इतकी वर्षं पाण्यात. नाही सोडलं तर वर्गात बसून माझं अर्धं लक्ष फोनकडे असतं.

काल तिला म्हणून दाखवायला लावलं, "सायरन वाजवत या." ती इतकं हळू म्हणाली की टेबलापलीकडे मलाही ऐकू आलं नाही.

ताई, मार्चपर्यंत इथे राहायला ये. आईशी भांडायला ये, माझ्यावर रागावून ये, पण ये. मला एकटीला हे झेपत नाही.

रोज घरी आल्यावर दारातून "आले गं" म्हणते, आणि आतून "आलीस?" ऐकू येईपर्यंत बूट काढत नाही.

तशीच दारात उभी,
तुझी मिओरी