टेपचं दुसरं टोक

१ सप्टेंबर, सोमवार

रुजू झाले एकदाची. जुन्या वास्तू जपणाऱ्या सरकारी कार्यालयात आठ आठवड्यांची इंटर्नशिप. गळ्यात ओळखपत्र: आरती गर्जे, स्थापत्य पदविका, तिसरं वर्ष. सकाळी तिसगावच्या स्टँडवर आईने त्या कार्डासकट माझा फोटो काढायला लावला. स्वतः मात्र फोटोत यायला तयार नाही, म्हणे साडी धड नाही. दसरा झाला की तिची टोळी ऊस तोडायला निघेल. दहावीपर्यंत दर हंगामाला मीही जायची. इथलं प्रमाणपत्र मिळालं तर पुढच्या वर्षी मोजणीच्या कामावर घेतात. नाही मिळालं तर कोयता वाट बघतोच आहे. मी फडात परत जाणार नाही म्हणजे नाही.

जोडीदार आदिनाथ, काष्टीचा, बागायतदाराचा मुलगा. डब्यात पाच भाकरी आणतो आणि अखंड बोलतो. आम्हाला नागापूरला एमआयडीसीच्या मागचा निजामशाहीतला हमामखाना, म्हणजे जुनं स्नानगृह, मोजायला दिलाय. कळमकर साहेबांनी टेप, ड्रॉइंग बोर्ड आणि नोंदवही दिली. वहीचा कागद इतका छान आहे की मागच्या पानांवर ही रोजनिशी सुरू केली.

३ सप्टेंबर, बुधवार

हमामखान्यात सात खोल्या. भिंती मीटरभर जाड, आणि आतला चुन्याचा गिलावा अजून गुळगुळीत. पलीकडच्या वर्कशॉपमध्ये दिवसभर ग्राइंडर चालतो, बाराला भोंगा होतो, की आम्ही डबे उघडतो.

टेपचं काम दोघांचं. एकाने शून्याचं टोक भिंतीला दाबून धरायचं आणि दोन झटके द्यायचे, म्हणजे धरलंय, वाच. दुसऱ्याने टेप ताणून तिच्या डबीशी आकडा वाचायचा. दोन दिवसांत सहा खोल्या झाल्या. आदिनाथ बोलतो फार, पण टोक सरळ धरतो, खोटं कशाला बोलू.

इथे झाडलोट करणारी बनुबाई आम्हाला चहा देते. मधली खोली तेवढी राहिलीय म्हटल्यावर म्हणाली, तिथं मदत मागू नका, मागितली की मिळती. मी हसले. तिला राग आला नाही, तिने माझ्या कपात आणखी साखर घातली.

४ सप्टेंबर, गुरुवार

मधली खोली. घुमटाच्या झरोक्यावर कुणीतरी पत्रा टाकलाय, त्यामुळे भरदुपारीही समोरची भिंत दिसत नाही. एकच दार. मी बाहेर बोर्डावर कागद लावत होते तोवर आदिनाथ टोक घेऊन आत गेला. मी आले तेव्हा डबी उंबऱ्यावर होती. ती उचलली आणि ओरडले, नीट धर रे. दोन झटके आले. टेप ताठ. पाच मीटर शहाण्णव. लिहून घेतलं.

बाहेर आले तर आदिनाथ हौदावर बसून फोनवर बोलतोय. म्हणाला, टोक विटेखाली ठेवून केव्हाच बाहेर आलो. मग झटके कुणी दिले, विचारलं, तर म्हणे तुला भास झाला असेल. त्याला चांगलंच झापलं. काम टाळायचं आणि वर मलाच वेड्यात काढायचं.

८ सप्टेंबर, सोमवार

साहेबांनी जुने कागद दाखवले. आमच्या आधीच्या पाच तुकड्यांनी हा हमामखाना मोजलाय. बाकीच्या खोल्यांत एक-दोन सेंटिमीटरचा फरक आहे, तो असतोच. मधल्या खोलीची लांबी मात्र पाचही कागदांवर सहा बेचाळीस, माझी पाच शहाण्णव. म्हणजे तिथे कुणी टेप लावलीच नाही, एकमेकांचं उतरवलंय. साहेब म्हणाले, तूही उतरव बाळ, खोली कुठे पळून जातेय. मी म्हटलं, न मोजलेल्या आकड्याखाली मी सही करणार नाही. आदिनाथने टेबलाखालून लाथ मारली. लेझरचं यंत्र मागितलं तर ते कपाटात आहे आणि किल्ली बदली होऊन गेलेल्या माणसाकडे.

शेवटी साहेबांनी चष्मा काढला. शुक्रवारी कागद पूर्ण पाहिजे, नाहीतर 'अपूर्ण' असा शेरा मारणार आणि प्रमाणपत्र नाही. मी बरं म्हटलं. रागाने कान तापले होते. सहा बेचाळीस बरोबर असेलही, पण तो माझा आकडा नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

आज आदिनाथला टॉर्च देऊन आत पाठवलं. मी दारात. दोन झटके, टेप ताठ, पाच एकतीस. आणि लगेच तो पळत बाहेर आला, मला धक्का देऊन, चप्पल आत सोडून. बनुबाईने पाणी पाजल्यावर बोलला. तो भिंतीपर्यंत पोचलाच नव्हता. अर्ध्या वाटेत कुणीतरी टोक त्याच्या हातातून काढून घेतलं. हिसकावलं नाही. म्हातारं माणूस पोराच्या हातातली पिशवी घेतं, तसं हळूच घेतलं.

दुपारच्या गाडीने तो काष्टीला गेला. जाताना म्हणाला, सहा बेचाळीस लिही आणि सुट. मी भित्रा म्हटलं त्याला. घरी येऊन रडले.

१० सप्टेंबर, बुधवार

एकटी गेले. भिंतीपर्यंत स्वतः चालत गेले, टोक विटेखाली दाबलं, वर आणखी दोन विटा ठेवल्या. दारात येऊन डबी ओढली. दोन झटके.

चार चाळीस.

टॉर्च मारला. विटा भिंतीशी जशाच्या तशा. टेप तिथे नाही. टेपचं टोक भिंतीच्या दोन मीटर अलीकडे, माझ्या छातीच्या उंचीवर, हवेत. ताठ.

खोली लहान होत नाहीये. टोक भिंतीआधीच धरलं जातंय, आणि दर खेपेला थोडं पुढे येऊन.

तरी डबी सोडली नाही. फडात पायाजवळ साप निघाला तरी डोक्यावरची मोळी टाकायची नसते, मी सातवीत असताना टाकली नव्हती. मीही दोन झटके दिले. तिकडून उत्तर आलं, दोन.

११ सप्टेंबर, गुरुवार

तीन दहा. दुसऱ्यांदा एक पंच्याऐंशी.

बनुबाई बाहेरच्या खोलीत माझी ओढणी धरून बसली होती. सारखी म्हणत होती, आता बास कर पोरी, तुजी आई हाय. आई आहे म्हणूनच, म्हटलं. तिला पटलं नाही.

आता टॉर्चची गरज नाही, इतकं जवळ आहे. दिसत काही नाही. ओल्या चुन्याचा वास येतो. तिकडून टेप अगदी सरळ धरलेली असते, पाणसळीचा बुडबुडा लावून तपासावी इतकी. काम येतं त्याला. कधीकाळी कुणाचा तरी जोडीदार असणार. मी म्हटलं, काम येतं तर भिंतीला धर ना.

भीती वाटते. लिहूनच ठेवते, लई भीती वाटते. पण ही खोली सोडली तर पुढे सगळ्याच सोडाव्या लागतील.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी दहा. बनुबाई साहेबांना बोलवायला गेली. मी नको म्हटलं होतं.

ठरवलंय. डबी त्याला देणार. टोक मी धरणार, भिंतीला, माझ्या हाताने. वाचू दे त्याला.

दारात डबी पुढे केली. घेतली. हात गार नव्हता, हातच नव्हता, पण घेतली. टोक घेऊन मी त्याच्या बाजूने गेले — अंगावरून चुना घासल्यासारखं —

भिंत. पाठ टेकलीय. टोक अंगठ्याखाली. वही गुडघ्यावर, मोबाईल दातात.

दोन झटके दिले.

टेप ताठ. दाराकडून आवाज. कुणासारखाच नाही, पण आकडा स्पष्ट. सहा चव्वेचाळीस.

चव्वेचाळीस. बेचाळीस नाही. पाचही तुकड्या चुकल्या.

कागदावर लिहिलं. मोजणी करणारी, आरती गर्जे. सही केली. गुडघ्यावर अक्षर वाकडं आलं, पण सही माझीच आहे.

म्हटलं, झालं काम, ठेव डबी. ठेवत नाही. टेप गुंडाळली जातेय, आणि तो वाचत जवळ येतोय — पाच नव्वद — पाच दहा — दार झाकलं गेलंय, उजेड —

टोक सोडलं तर टेप त्याच्याकडे जाईल. मला सोडेल बहुतेक. पण मग म्हणतील भिंतीला लावलंच नव्हतं —

चार — तीन साठ —

नाही सोडत. वाच. नीट वाच —

दोन वीस — एक — कागद ओढणीत बांधलाय, साहेबांना म्हणावं सहा चव्वेचाळीस, मी स्वतः भिंतीला धर