चार सूत जास्त

अण्णा, तुमच्या त्या 'चार सूत जास्त'पायी माझी बोट बर्फावर धड चालली नाही, आणि हे तोंडावर ऐकवायला तुम्ही नाही, याचा मला जास्त राग येतो आहे. बोट म्हणजे लाकडी, शिडाची, खाली तीन पोलादी पाती असलेली. गोठलेल्या तळ्यावर वाऱ्यानं पळते. इथे नेदरलँड्समध्ये, ग्रोनिंगनजवळ, घरच्या गॅरेजमध्ये मी ती दोन हिवाळे खपून बांधली. तिच्या पोटाखाली एक लांब आडवी फळी असते, दोन टोकांना दोन पाती. माणूस बसला की ती फळी वाकली पाहिजे, तरच बर्फाचे धक्के सोसते. आराखड्यात जाडी स्पष्ट लिहिलेली होती. मी खुणेची रेघ मारली ती चार सूत, म्हणजे अर्धा इंच, बाहेरून!

दहावीच्या सुट्टीत तुमच्या वर्कशॉपमध्ये मी स्टुलाचे पाय तासते आहे, नाजूक दिसावेत म्हणून. तुम्ही गिऱ्हाइकासमोर ते स्टूल उचलता. "यावर मांजर बसेल. माणसासाठी करायचं तर चार सूत जास्त ठेव." गिऱ्हाईक हसतं, मी मागे जाऊन रडते. तेव्हापासून मी काहीच कमी ठेवलेलं नाही, अण्णा. पोळ्यासुद्धा जाड लाटते. इंजिनियर आहे मी, किती जाडी पुरे, दिवसभर ऑफिसात हेच गणित करते. पण कळतं ते वळेल तर शपथ.

यंदा बर्फ टिकला चार दिवस. पहिल्याच सकाळी क्लबमधले एक डच आजोबा माझ्या फळीवर चढले, दोन उड्या मारल्या. फळी ढिम्म. "व्हेरी नाइस टेबल," ते म्हणाले. "बट इट मस्ट बेंड." तरी मी हट्टानं बोट घेऊन निघाले. एक पातं सारखं वर उचललं जायचं, बोट आडवी घसरायची. शेवटी ढकलत परत आणली. मग रजा टाकली आणि दीड दिवस रंधा मारत बसले, तिकडे बर्फ पातळ होत असताना. चौथ्या दिवशी फळी वाकली आणि बोट सुटली. तीनच फेऱ्या मिळाल्या, मग तळं बंद केलं.

हे पत्र कपाटातच राहील. पण एक सांगते. रंधा मारताना मी मोठ्यानं म्हणाले, "अण्णा, तुम्ही चुकलात." उभ्या आयुष्यात पहिल्यांदा. आणि हात थांबवून बराच वेळ तशीच उभी राहिले, तुम्ही ओरडाल म्हणून.