छातीवरचा हात

बाबा, मी तुमच्यावर रागावले आहे आणि तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आहेत, म्हणून हे लिहून काढण्यावाचून मला दुसरं काही सुचत नाही. जिवंत असतात तर समोर बसवून बोलले असते. कदाचित नसतेही बोलले. तुमच्यासमोर आवाज चढवायची आपल्या घरात कोणाची छाती नव्हती. आता मी बावन्न वर्षांची आहे, लाखनीजवळच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते, चौथीच्या वर्गावर दिवसभर ओरडते, आणि तुमच्याशी बोलायला मात्र मला वही लागते आहे.

आधी मला काय झालं ते सांगते. गेलं दीड वर्ष मला झोप नाही. अगदी नाहीच असं नव्हे. अकराला डोळा लागतो आणि दीड-दोनला कोणीतरी आतून ढकलल्यासारखी मी उठून बसते. छाती अशी धडधडत असते की पलंग हलतो आहे असं वाटतं. दोन्ही हात कोपरापर्यंत बधिर, बोटांना मुंग्या, जबडा आवळलेला. श्वास घ्यायचा असतो, पण तो कसा घेतात हेच शरीर विसरलेलं असतं. पाठ घामाने ओली. आणि मनात एकच खात्री, की आता आपण मरणार. अर्ध्या तासाने सगळं उतरतं, आणि मी मेलेली नसते. मग उजाडेपर्यंत छताकडे बघत पडायचं, कारण पुन्हा डोळा लागला तर पुन्हा तेच होईल या भीतीने झोपच नकोशी होते. सकाळी प्रार्थनेच्या ओळीसमोर उभी राहते तेव्हा पायाखालची जमीन मऊ लागते. एकदा फळ्यावर बेरीज करता करता हातचे किती तेच आठवेना. नुसती खडू धरून उभी राहिले. शेवटी पहिल्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, “मॅडम, दोन.”

घरात मी कोणालाच सांगितलं नव्हतं. तुमच्या जावयांना सांगायचे, ॲसिडिटी आहे. ते बिचारे दुकानातून येताना पुड्या आणायचे आणि मी त्या पाण्यात टाकून प्यायचे.

मार्गशीर्षातल्या एका रात्री मात्र ते उतरलंच नाही. तास झाला, सव्वा तास झाला. डावा हात दुखायला लागला. मी यांना हलवलं आणि एवढंच म्हणाले, “गाडी काढा.” ते उठले, शर्टाची बटणं लावता लावता त्यांना किल्ली सापडेना, आणि तेवढ्यात बघते तर आई खोलीच्या दारात उभी. अंगावर शाल, पायात चपला. तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी मी तिला माझ्याकडे आणलं, हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. “मीबी येतो,” ती म्हणाली. हे म्हणाले, “आई, थंडी आहे, तुम्ही झोपा.” तर म्हणते, “झोपतं कोण इथं?” आणि आमच्या आधी जाऊन गाडीत मागे बसली.

हायवेवर धानाच्या ट्रकांची रांग होती. हे एकेक ट्रक मागे टाकत होते आणि मी मागच्या सीटवर आईच्या खांद्यावर डोकं टाकून श्वास मोजत होते. आईने माझ्या स्वेटरच्या आत हात घालून पंजा सपाट माझ्या छातीवर ठेवला होता. कारधा आलं, आपल्या जुन्या घराकडे वळणारा रस्ता मागे गेला, वैनगंगेचा पूल आला, तरी तिचा हात तिथेच. मला वाटलं, माया आहे. दवाखान्याच्या दारात नर्सने मला खुर्चीत बसवलं, तेव्हा कुठे तिने तो काढला.

डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाचा असेल. ईसीजी काढला, रक्त घेतलं, दोन तासांनी पुन्हा ईसीजी काढला. मग स्टूल ओढून माझ्याजवळ बसला. “मॅडम, हृदय एकदम चांगलं आहे. हा पॅनिक अटॅक आहे. झोप नसली की हा वाढतो, आणि ह्याच्या भीतीने झोप आणखी जाते. तुम्हाला होतं ते खरं आहे, फक्त ते हृदयाचं नाही. घरात आधी कोणाला असं व्हायचं का?” मी आईकडे बघितलं. उत्तर मला ठाऊक होतं. मी तोंड उघडणार, तोच आई म्हणाली, “पहिले हिच्या बापाले होतं.”

बाबा, मला वाटलं तिला प्रश्न कळला नाही. कारण आपल्या घरात ते आईला होतं, तुम्हाला नव्हतं. हे मी लहानपणापासून जशी आपल्या नदीची दिशा जाणते तसं जाणत होते. कारध्याच्या घरात आपण तिघं एकाच खोलीत झोपायचो. मला जाग यायची ती आईच्या हालचालीने. ती उठून बसलेली असायची, दोन्ही हात एकमेकांवर घासत. “माह्या हाताले मुंग्या येऊन राहिल्या,” ती पुटपुटायची, “जीव घाबरून राहिला.” आणि अंधारातून तुमचा आवाज यायचा. “झाली सुरू नाटक कंपनी. पहाटची गाडी हाय माही. पन्नास माणसं मागं बसतेत, झोपू दे मले.” आई उठून चुलीजवळ जाऊन बसायची. दिवा न लावता.

आणि तो पाटोडी-रश्श्याच्या जेवणाचा दिवस. तुमच्या एसटी डेपोतले तिघं-चौघं जेवायला आले होते, मी आठवीत होते. आई आतून गरम रस्सा आणत होती. कोणीतरी सहज विचारलं, “वहिनीची तब्येत उतरली काहून?” आणि तुम्ही ताटावरून उठलात. एक हात छातीला लावला, डोळे फिरवले, भिंतीला टेकत खाली घसरलात आणि बारीक आवाज काढून म्हणालात, “अगा माय, माहा जीव चालला वो!” सगळे हसले. तुम्हाला नक्कल छान जमायची. आई दारात भांडं घेऊन उभी होती. रस्सा वाढला, सगळ्यांना दोनदा विचारलं आणि आत गेली. मीसुद्धा हसले होते, बाबा. मोठ्याने हसले होते. तुम्ही माझ्याकडे बघून डोळा मारलात आणि मला वाटलं, आपण दोघं एका बाजूचे.

दवाखान्यातून परत आलो तेव्हा उजाडलं होतं. हे दुकान उघडायला गेले. मी स्वयंपाकघरात पाटावर बसले आणि आईने चहा ठेवला. मी विचारलं, “डॉक्टरला असं काहून सांगितलंस? बाबांना कधी काय झालं होतं?”

तिने आधी आलं ठेचलं. मग पाठमोरीच बोलायला लागली. म्हणाली, तू तिसरीत होती तेव्हापासून होतं त्याइले. झोप लागली का धाडकन उठे. अंगणात जाऊन उभे राहत, घामानं बनियन पिळून निघे. पहिल्या रात्री मले वाटलं, गेले. मंग रोजचंच झालं. माहा हात धरत, आपल्या छातीवर ठेवत आन् म्हणत, “पाह्य बरं, चालू हाय ना?” मी म्हणो, चालू हाय. थोड्या वेळानं पुन्हा, “आता पाह्य.” असा हात ठेवून मी बसून राहो. त्याइचा डोळा लागे, माहा नाही. हात काढला का ते उठत.

“आणि तुला?” मी विचारलं.

“मले पहिले कुठं होतं?” आई म्हणाली. “दोन-तीन वर्सं अशी बसून काढली, मंग मलेबी लागलं.”

मग तिने बाकीचं सांगितलं. बहिणीकडे जातो म्हणून तुम्ही नागपूरला जायचात ते एका डॉक्टरकडे. गोळ्या टिफिनच्या पिशवीत तळाला, कापडात गुंडाळलेल्या. त्यांनी तुम्हाला बरं वाटलं. चांगलं बरं वाटलं. आणि त्यानंतर, बाबा, तुम्हाला बरं वाटायला लागल्यानंतर, तुम्ही आईला नाटक कंपनी म्हणायला लागलात.

मी आईवर ओरडले. त्या वयाच्या बाईवर, जी रात्रभर दवाखान्याच्या बाकावर बसली होती, तिच्यावर ओरडले. “तू काहून नाही सांगितलं कोणाले? त्या गोळ्या तू काहून नाही मागितल्या?” ती म्हणाली, “मागितल्या होत्या एकदा. म्हणत, तुले कायले पाह्यजे, तू घरीच त असतं. आन् तोंड उघडलं त डेपोत माहीत पडन, गाडी हातची जाईन, पोट्टीची शाळा सुटन. शपथ घातली होती तुही.” चहा गाळून तिने कप माझ्यापुढे सरकवला. “पे. थंडा होते.”

मी गेले दोन महिने तुमची बाजू मांडून बघते आहे. शिक्षकाला सवय असते, चुकलेल्या मुलाचंही ऐकून घ्यायची. चालकाला रात्री छातीत धडधडतं हे कळलं असतं तर तुमच्या हातात स्टिअरिंग राहिलं नसतं, हे खरं. घरात कमावणारे तुम्ही एकटे, हेही खरं. भीती वाटली, लपवलीत. एवढ्यावर मी तुम्हाला माफ केलं असतं. गोळी घेऊन पहाटे गाडी काढत होतात आणि मागे पन्नास माणसं होती, बॉनेटजवळच्या सीटवर कित्येकदा मी होते, दप्तर मांडीवर घेऊन, माझे बाबा किती सफाईने गाडी चालवतात हे बघत, हेसुद्धा मी दात आवळून गिळलं असतं. पण ती नक्कल? छातीला हात कसा जातो, डोळे कसे फिरतात, माणूस भिंतीला कसा टेकतो, हे तुम्हाला इतकं हुबेहूब ठाऊक होतं ते आईला बघून नव्हे. ते तुमचं होतं. तुमची भीती तुम्ही तिच्या अंगावर चढवलीत आणि मग चार लोकांत तिला हसलात, म्हणजे कोणी तुमच्याकडे बघू नये. आणि त्यात मला वाटेकरी केलंत. घरात एक बाई वर्षानुवर्षं रात्री अंधारात चुलीजवळ बसली, आणि तिच्या मुलीने तिला कधी पाणीसुद्धा विचारलं नाही, कारण मुलीला बापाने शिकवलं होतं की हे खोटं आहे.

त्या सकाळीच मी आईला म्हणाले, “त्या दिवशी पाटोडीच्या वेळी मी हसले होते.” मला वाटलं ती म्हणेल, आठवत नाही. ती म्हणाली, “तू त लहान होती.” मी म्हणाले, “आठवीत होते, आई.” तिने माझ्याकडे बघितलं. “हो,” म्हणाली, “आठवीत होती.” आणि कप विसळायला घेतले. तिने माफ केलं की नाही, मला कळलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.

आता मी नागपूरला एका डॉक्टर बाईंकडे जाते. तुमच्यासारखी बहिणीची सबब सांगून नाही; हेडमास्तरांना अर्जात कारण लिहून रजा घेते. अर्ज वाचून ते दोनदा खोकले, पण सही केली. आईलाही सोबत नेलं. पंच्याहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा तिला एका डॉक्टरने विचारलं, रात्री नेमकं काय होतं, सांगा. आई अर्धा तास बोलत होती. मध्येच थांबून त्या बाईंना म्हणाली, “तुमाले खोटं त नाही वाटून राहिलं ना?” मी खिडकीबाहेर बघत होते, कारण तिच्याकडे बघवत नव्हतं. यासाठी मी तुम्हाला माफ करणार नाही, बाबा. आज तरी नाही. तुमचा फोटो मी भिंतीवरून काढला होता. आईने तो पुसून परत लावला. म्हणाली, “असू दे. तुह्या रागानं मले झोप येणार हाय का?” तिची मर्जी. मी त्याला हार घालत नाही.

झोप अजून आलेली नाही. आठवड्यातून दोन-तीन रात्री तो धक्का बसतो, हात बधिर होतात, पण आता मी यांना उठवते आणि हा पॅनिक अटॅक आहे, असं त्याचं नाव घेऊन सांगते. ते दिवा लावतात. कधी कधी आई आधीच जागी असते.

हे मी कुठे पाठवणार? टाकायला पेटी नाही, लिहायला पत्ता नाही. वही शाळेच्या कपाटात ठेवेन, आईच्या हाती लागू नये म्हणून. पण एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही, यांनाही नाही, त्या डॉक्टर बाईंनाही नाही. त्या रात्री ईसीजीचा कागद हळूहळू बाहेर येत होता, डॉक्टर त्यावर वाकला होता, आणि मी मनातल्या मनात हात जोडून म्हणत होते की काहीतरी निघू दे. थोडं का होईना, पण काहीतरी वाईट निघू दे, म्हणजे कोणी याला नाटक म्हणणार नाही. आणि तो “हृदय एकदम चांगलं आहे” म्हणाला तेव्हा मला आनंद झाला नाही. मला लाज वाटली.