पियानोतले स्क्रू

४ मार्च
पियानोत भंगार! आज झाकण उचलून आतली धूळ पुसायला गेले, तर तारांमध्ये स्क्रू, बोल्ट, खोडरबराचे तुकडे, चामड्याच्या पट्ट्या. म्हटलं, नातीने, आमच्या टिटवीने, अडगळीचा डबा इथेच उपडा केलेला दिसतोय! उपसलं सगळं. तारा अशा पुसल्या की तोंड दिसावं. आता नात येऊन कौतुक करेल म्हणून वाट बघत बसले.

आधी आला मुलगा. पाणी पिता पिता म्हणतो, "आई, पियानोच्या आत हात घालू नकोस हं. ते स्क्रू तिने कान लावून लावून बसवलेत, कित्येक आठवडे. त्यांच्यामुळेच तो घंटेसारखा आवाज येतो."

मी म्हटलं, "मी कशाला घालू हात?"

हे इतकं पटकन तोंडातून गेलं! तो आंघोळीला गेल्यावर सगळं परत कोंबलं. कुठला बोल्ट कुठे होता, माझ्या बापाला ठाऊक. ती यायच्या वेळेला भाजीचं निमित्त काढून बाहेर पडले. परत आले तर ती झाकण लावून स्टुलावर बसलेली. मी सरळ आत जाऊन भाजी निवडायला घेतली.

५ मार्च
वाजवायला बसली. थांबली. तेच परत. पुन्हा थांबली.
"आजी, हा वरचा सूर तुला बसका वाटतो?"
"मला तुझे सगळेच सूर बसके वाटतात."
हसली बिचारी. माझी जीभ टोमण्याला तेवढी तलवार. खरं बोलायची वेळ आली की लुळी पडते.

७ मार्च
माझं पिवळं फडकं सापडत नाही. घर पालथं घातलं.

८ मार्च
लहानपणी रडायची तेव्हा शेजारी उठून यायचे, म्हणून मी टिटवी नाव ठेवलं. तीच टिटवी आता स्वतः संगीत रचते, स्वतः वाजवते, पेपरात फोटो येतो. आधी किती वर्षं हॉटेलात बसून दुसऱ्यांची गाणी वाजवली. लोक जेवताहेत, ही वाजवतेय, कोणी मान वर करून बघायचं नाही. आता कुठे मोठ्या हॉलने बोलावलंय. वीस तारखेला. सगळी संध्याकाळ तिच्या एकटीच्या रचनांची.
मला त्यातलं काही कळत नाही. बादली जिन्यावरून गडगडावी तसं वाटतं. पण बादली तिची आहे. मी तिला पोचा पाडून ठेवलाय.
आज डाव्या कानावर बोट आपटून आपटून बघत होती.

१० मार्च
जेवताना म्हणाली, "बाबा, माझे कान गेले वाटतं."
मुलगा हसला. "तुझे? अगं, शेजारी चमचा पडला तर कोणता पडला ते सांगायचीस तू!"
ती हसली नाही. ओरडून सांगावंसं वाटलं — कान ठणठणीत आहेत गं, आजी नालायक आहे!
सांगितलं काय? तर "मीठ दे इकडे."

११ मार्च
जन्मभर दुसऱ्यांच्या चुका चव्हाट्यावर मांडल्या. सुनेच्या, शेजारणीच्या, मेलेल्या नवऱ्याच्यासुद्धा. स्वतःची निघाली तर तोंडाला कुलूप. थू!

१२ मार्च
हॉलवाल्याचा फोन आला होता. ती म्हणाली, "उद्या सकाळी सांगते. कदाचित तारीख दुसऱ्या कोणाला द्यावी लागेल."
दुसऱ्या कोणाला!
मुलगा म्हणाला, "कानाच्या डॉक्टरांनी काय सांगितलं?" ती म्हणाली, "नंतर बोलू." म्हणजे डॉक्टरकडेही जाऊन आली. माझ्या कोंबलेल्या बोल्टांपायी!
बास. सकाळी तो फोन व्हायच्या आत सांगायचं. शिव्या देईल, बोलणं टाकेल. टाकू दे. या वयात कोणाच्या बोलण्यावाचून अडतंय? पोरीला तिचे कान तरी परत मिळतील.
ठरवलं आणि किती दिवसांनी भूक लागली. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

१३ मार्च
सांगितलं. खाली मान घालून, एका दमात.
ती उठली. कपाटातून माझं पिवळं फडकं काढलं. धुऊन, घडी घालून ठेवलेलं.
"तारांवरच राहिलं होतं, आजी. मला त्याच संध्याकाळी कळलं. माझ्याकडे फोटो होते, सगळे स्क्रू तेव्हाच जागच्या जागी लावले. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."
मग डाव्या कानाला हात लावला. "हे स्क्रूंमुळे नाही, आजी. डॉक्टरांनीही तेच सांगितलं."
फडकं हातात घेऊन बसले आहे.
चूक माझीच असायला हवी होती.