गेंड्याचा आवाज

२ जानेवारी, सकाळी ७
आजपासून बिनपगारी रजा. सहा महिने. सतरा वर्षं विमा कंपनीत बसून लोकांच्या क्लेमवर 'नामंजूर'चे शिक्के मारले, आता बास. यापुढे विनोदी आवाजाचा कलावंत. कार्टून, जाहिराती, रेडिओ, जे मिळेल ते. मिळेलच. साहेबांनी पत्रात लिहून दिलंय: १ जुलैला सकाळी दहाला हजर नसलो तर जागा दुसऱ्याला. मनात म्हटलं, खुशाल द्या. तोंडाने 'होय सर' म्हणालो.

बायको लॅबमध्ये रक्त काढते. समोरचा चक्कर येऊन पडला तरी तिचा हात हलत नाही. तिने सांगितलं, जूनपर्यंत माझ्या एकटीच्या पगारात ओढू, पुढे जमणार नाही. म्हटलं, जूनपर्यंत मी कुठल्या कुठे असेन. ती म्हणाली, त्याचीच काळजी वाटते.

संकल्प: रोज पाचला उठणे. मिठाच्या गुळण्या. थंड पाणी बंद. दुपारी बारापर्यंत मौन.

५ जानेवारी
जाग साडेआठला. गुळण्या करताना मीठ गिळलं, दिवसभर मळमळ. मौन मात्र पाळलं. बायको म्हणाली, लग्नानंतर इतकी शांत सकाळ पहिल्यांदाच पाहिली, हे सोडू नका. घरातून पाठिंबा असला की बरं असतं.

१४ जानेवारी
घरचा स्टुडिओ तयार. बेडरूममधलं मोठं कपाट. आत रजया, कोट, बायकोचे ड्रेस, त्यामुळे आवाज घुमत नाही. दार ओढून आत उभं राहायचं आणि मोबाईलवर रेकॉर्ड करायचं. घाबरट म्हातारा, चिडका पोपट, सर्दी झालेला पोलीस, असे नऊ आवाज केले. ऐकून पाहिले. नऊही एकाच माणसाचे वाटतात. यालाच शैली म्हणत असावेत.

लेक सातवीत. तिने बाहेरून दार वाजवलं, युनिफॉर्म हवा होता. पोपटाच्या आवाजात 'थांब' म्हणालो. हसली नाही. पुन्हा म्हणालो. तिने सांगितलं, बाबा, बस चुकेल.

९ फेब्रुवारी
नमुने एकतीस ठिकाणी पाठवले. उत्तरं दोन. एकात मेलबॉक्स भरला आहे असं कळवलंय. दुसरं कॉल सेंटरचं: तुमच्या आवाजाने माणसाला धीर येतो, नोकरी कराल का? विनोदी आवाजाने धीर येतो म्हणजे काय? उत्तर दिलं नाही.

२० फेब्रुवारी, दुपारी ४
फोन आला! कार्टून मालिका. हिरो एक घाबरट गेंडा. उद्या अकराला बोलावलंय. वाटलं होतं नाचावंसं वाटेल. तसं काही झालं नाही. बसून होतो तसाच बसून राहिलो.

२१ फेब्रुवारी
स्टुडिओ टायरच्या दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर. रेकॉर्डिंग करणारा माणूस कानावरचे हेडफोन चहा पितानाही काढत नाही. त्याचं नाव हेडफोनच ठेवलं. त्याने आधीच स्पष्ट केलं. हे कच्चं रेकॉर्डिंग आहे. चित्रं काढणाऱ्यांना पात्राचं तोंड हलवायला आवाज लागतो, म्हणून आधी कुणाकडून तरी वाचून घेतात. चित्रं झाली की नाव असलेला नट येतो, मग कच्चा आवाज काढून त्याचा घालतात. कळलं ना, असं दोनदा विचारलं. दोनदा कळलं म्हणालो. तसं लिहिलेल्या कागदावर सहीसुद्धा केली.

पण घरी येताना डोकं चालवलं. गेंड्याचं तोंड हलणार माझ्या आवाजावर. मी श्वास घेईन तिथे तो घेणार, मी अडखळेन तिथे तो अडखळणार. हे एकदा चित्रात बसलं की त्यात दुसऱ्याचा आवाज मावेल कसा? माझ्या मापाचा बूट तो. नट दमेल, चिडेल, निघून जाईल. मग म्हणतील, राहू द्या, आहे तोच छान आहे.

घरी एवढंच सांगितलं: गेंडा मिळाला. यात खोटं काही नाही.

२२ फेब्रुवारी
बायको म्हणाली, कातडी होतीच, आता आवाजही मिळाला. पण खूश होती. माझ्या मोठ्या ताईला तिनेच फोन केला. ताईने तासाभरात सगळ्या नातेवाइकांत डांगोरा पिटला. थांबवायला हवं होतं का? आज ना उद्या खरं होणारच आहे.

६ मार्च
रेकॉर्डिंग चालू. युक्ती लढवतोय. दर 'प'वर तीन वेळा अडखळतो. वाक्याच्या मध्येच ढेकर, शेवटी शिंक. शिंकही साधी नाही, येते येते म्हणत परत जाणारी आणि मग अचानक येणारी. बघू कोण माईचा लाल जुळवतो. हेडफोन म्हणाला, अहो, साधं वाचा. साधं वाचून कसं चालेल? तो वैतागून म्हणाला, जाऊ दे, कच्चंच तर आहे.

२ एप्रिल
पाच भाग पूर्ण. हेडफोनने हात मिळवला. म्हणाला, गरज पडली तर कळवू. गरज पडणारच.

१९ एप्रिल
सोफ्यावर होतो. घड्याळात पाहिलं तर तीन. मधे काय झालं आठवत नाही. जेवलो बहुतेक, ताट समोर होतं. कशाचंच काही वाटत नाही हल्ली. कलावंताला अधूनमधून रिकामं व्हावं लागतं म्हणे. चांगलंच रिकामं होतोय.

८ मे
लेकीचा वर्गात दुसरा नंबर. ती सांगत होती आणि मी तिच्या ओठांकडे बघत होतो, शब्दांच्या किंचित आधी हलतात. मी 'शाब्बास' म्हणालो तोवर ती आत गेली होती.

१७ जून
साहेबांचा फोन. एक तारीख लक्षात आहे ना? तुमच्या जागेसाठी दोन अर्ज आलेत, पण मी तुमच्यासाठी खुर्ची धरून ठेवलीय, असं म्हणाले. माणूस वाईट नाही. विचार करून कळवतो म्हणालो. बायको समोरच होती. तिने विचारलं, कसला विचार? गेंड्याचं काँट्रॅक्ट कुठे आहे? म्हटलं, प्रोसेसमध्ये आहे. ती हल्ली लॅबमध्ये रविवारची जादा ड्युटी मागून घेते. हे तिने सांगितलं नाही, तिच्या मैत्रिणीकडून कळलं.

२६ जून
स्वतःच स्टुडिओत गेलो. हेडफोनने चहा पाजला. नट येऊन गेला म्हणे. दोन दिवसांत पाचही भाग उरकले. विचारलं, ढेकर? म्हणाला, दिली. शिंक? म्हणाला, नट त्या शिंकेवर फिदा झाला, कुणाची आहे विचारत होता. मी विचारलं, मग काय सांगितलंत? तो म्हणाला, आठवत नाही हो, गडबड होती.

अजून टीव्हीवर लागायचंय. शेवटच्या क्षणी पुष्कळ गोष्टी बदलतात.

३० जून
बायकोने निळा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवला.

१ जुलै, सकाळी ११.४०
आठला उठलो. शर्ट घातला, बूट घातले, डबा बॅगेत टाकला. बायको आणि लेक आपापल्या वाटेला गेल्या. निघता निघता वाटलं, पाच मिनिटं आवाज मोकळा करावा. कपाटात शिरलो, दार ओढलं. काहीच बोललो नाही. नुसता उभा होतो. बाहेर आलो तेव्हा अकरा वीस. आज भीती वाटली. चांगलीच वाटली. गेंड्याची असावी, असं मनाला सांगितलं, पण गेंडा आता माझा नाही.

बायकोला संध्याकाळी सांगावं लागेल.

१ जुलै, संध्याकाळी ७
सांगावं लागलं नाही. साहेबांनी तिलाच फोन केला होता. तिने शर्ट धुवायला टाकला.

१२ जुलै, रविवार
पहिला भाग लागला. ताई दोन्ही मुलांना घेऊन आली. खुर्च्या मांडल्या. मला मधोमध बसवलं.

गेंडा आला. तोंड उघडलं. नटाचा आवाज. जाड, उबदार, मजेदार. 'प'वर तीन वेळा अडखळला, मुलं खिदळली. ढेकर दिली, ताईने डोळे पुसले. शिंक येते येते म्हणत परत गेली आणि अचानक आली. लेकीसकट सगळे लोळले. माझ्या मापाच्या बुटात त्याचा पाय आरामात गेला होता. वर थोडी जागाही उरली.

ताई म्हणाली, अरे, टीव्हीवर किती वेगळा येतो रे तुझा आवाज! म्हटलं, मशीनमध्ये मिक्सिंग करतात. ती म्हणाली, घरीही असाच बोलत जा ना. लेक एकदम हसायची थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. मी टीव्हीकडे बघत राहिलो. शेवटी नावं आली. ताई चष्मा शोधत होती, तोवर गेली. बायको मधेच उठून स्वयंपाकघरात गेली होती, ती बाहेर आलीच नाही.

रात्री तिने विचारलं, तुम्हाला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं? हो म्हणालो. ती म्हणाली, बरं.

१४ जुलै, सायंकाळी ६
ताईचा फोन. येत्या रविवारी धाकट्याचा वाढदिवस, वर्गातली तीस मुलं येणार, खुद्द गेंडा येऊन बोलणार असं तिने सगळ्यांना सांगून टाकलंय. येतो म्हणालो. फोन ठेवल्यापासून नटासारखं बोलून बघतोय. शिंकसुद्धा जमत नाही. माझीच शिंक, पण आता त्याच्यासारखी हवी.

बायको ड्युटीवरून आली, पर्सही न ठेवता दारात उभी राहून ऐकत होती. मग माझ्या हातातून फोन घेतला आणि ताईला लावला. म्हणाली, ताई, वाईट बातमी आहे. यांच्या स्वरयंत्रावर सूज आलीय. डॉक्टरांनी आवाज काढायला सक्त मनाई केलीय. नाही, रविवारीही नाही. यापुढे कधीच नाही, गेंडा आता दुसरं कुणीतरी करेल. हो, फार वाईट झालं. ऐन नाव व्हायच्या वेळी.

हात जराही हलला नाही. लग्नापासून आजवर मी तिला खोटं बोलताना ऐकलेलं नाही. पलीकडून ताईचं रडणं मलाही ऐकू येत होतं. मला वाईट वाटलं. ताईसाठी नाही, बायकोसाठी. मला तिला ते सांगायचं होतं.

सांगितलं भलतंच. म्हटलं, अगं, खरंच दुखतंय, गिळताना जास्त. तिने टॉर्च आणला, मला खुर्चीत बसवलं, आ करायला लावलं. आ केला. तिने जीभ चमच्याने दाबून आत नीट पाहिलं, डावीकडे, उजवीकडे, लॅबमध्ये शीर शोधते तसं. बराच वेळ पाहिलं.

टॉर्च बंद करून म्हणाली, काही नाहीये तिथे.