चार वाजून दहा मिनिटं

प्रिय योगिनी,

फोनवर बोलता येत नाही. तुहा भाऊ अंकुर सारं स्पीकरवर लावते अन् तुहे बाबा कान देऊन बसतात. म्हणून सातवी पास अक्षरात लिहून राह्यली आहे, हसू नको.

बाबाच्या घोरण्याची तपासणी झाली. वाशीमच्या डॉक्टरनं मशीन घरीच देली होती. छातीले पट्टा, नाकात नळी, बोटाले चिमटा, एक रात्र लावून झोपायचं अन् सकाळी परत. रिपोर्ट वाईट आला. तासाले बत्तीस वेळा श्वास बंद पडते, एकदा तर एक्कावन सेकंद. ऑक्सिजन अडुसष्टवर उतरला. डॉक्टर म्हणे, हे अंगावर काढू नका, झोपेतच काही होऊ शकते.

तवापासून बाबाची बडदास्त चालू आहे. तोंडाले लावाची हवेची मशीन आली. अंकुर रात्री दोनदा उठून त्यायचा श्वास पाहते. बाबा वरून चिडतात, आतून सुखावले आहेत. मी चारले उठून बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधते, ते तुले माहीतच आहे. आताशा बांधता बांधता बसल्या जागी डोळा लागते, डोकं दिवसभर ठणकते. सून म्हणते, वय झालं.

रिपोर्टच्या शेवटच्या पानावर वेळ लिहिली आहे, मशीन काढली चार वाजून दहा मिनिटांनी. कोणी ध्यान देलं नाही. तूच सांग, तुहे बाबा सातच्या आत कधी उठले?

त्यायनं दहा मिनिटांतच पट्टा काढून फेकला. मले बैलावानी कायले जुपता म्हणे, अन् पाठ करून घोरू लागले. सकाळी मशीन दुसऱ्या पेशंटले द्यायची होती. कोरी परत नेली तर डॉक्टरसमोर काय तोंड दाखवावं? मले वाटलं, माहा श्वास तर साफच येईन, बाबाच्या मागची कटकट जाईन. मीच बांधून झोपली. एवढी शहाणी तुही माय.

आता अंकुरनं साऱ्या सोयऱ्यायले सांगून ठेवलं, मले बोलाची लाज वाटते. त्यायच्या घोरण्यात माहं घोरणं कोणाले कधी ऐकूच आलं नाही. निजाचं मले भेव लागते, योगिनी. तू ये, अन् मले डॉक्टरकडं घेऊन चाल. तू येईपर्यंत मी भिंतीले टेकून बसूनच रात्र काढीन म्हणते, पण डोळा लागतेच.

तुहीच,
माय