शेपट्या मोजणारा उंदीर

मंगळवार, दिवा लावून झाल्यावर

नातीला, मुक्ताला, वाचनालयातलं उंदरांच्या सफरीचं पुस्तक वाचून दाखवलं. टोळीचा म्होरक्या सगळ्यांत लहान उंदीर. पूर येतो तेव्हा तो आधी सगळ्यांच्या शेपट्या मोजतो आणि होडीत शेवटी चढतो. मुक्ता म्हणाली, "आजी, भजनी मंडळात तूच मुख्य ना? मग तू मोजतेस?"

मी पान उलटलं. शनिवारी गुहागरहून भजन आटोपून निघताना टेम्पोत पहिली मीच चढले, खिडकी धरली. सुमतीवहिनी देवळामागे पाय धुवायला गेलेल्या, त्या राहिल्याच. अर्ध्या वाटेवरून परतलो, तर पायरीवर टाळ मांडीत घेऊन बसलेल्या. "झाली का गो आठवण?" एवढंच बोलल्या. आज भजनाला आल्या नाहीत.

डब्यातले लाडूसुद्धा मोजून ठेवणारी मी. अकरा बायका मोजायला काय लागतं? आणि वर बोलले कोणाला, तर ड्रायव्हरला. वहिनींना चुकले म्हटलंच नाही.

उद्या पूजा झाली की त्यांच्याकडे जाते. शनिवारी पुन्हा भजनाला जायचंय. मी शेवटी चढेनही, त्या उंदरासारखी. पण वहिनी आल्याच नाहीत, तर कितीही मोजलं तरी दहाच भरणार.